उपास कोणासाठी धरलाय? ख्रिस्ती उपासातल्या या चुका टाळा

बायबलमधल्या जखऱ्याच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात काही माणसं एक प्रश्न घेऊन यरुशलेमला येतात. मंदिर उद्ध्वस्त झालं त्याची आठवण म्हणून आम्ही पाचव्या महिन्यात इतकी वर्षं उपास धरत आलो. आता मंदिर पुन्हा उभं राहतंय, तर हा उपास पुढे चालू ठेवायचा का? प्रश्न रास्त होता. देवाने मात्र हो-नाही काहीच सांगितलं नाही. त्याने उलट विचारलं: ही ७० वर्षं तुम्ही उपास धरलेत, ते खरोखर माझ्यासाठी होते का?

उपासाबद्दल मला कोणी सल्ला विचारला की मी आधी हा अध्याय वाचायला सांगते. किती दिवस, पाणी चालतं का, फळं चालतात का, हे सगळं नंतरचं. उपासात आपलं जे जे चुकतं, ते बहुतेक या एका प्रश्नाकडे दुर्लक्ष केल्यामुळे चुकतं.

देवाच्या दारात धरणं

उपास धरणं वेगळं आणि देवाच्या दारात धरणं धरणं वेगळं. ‘इतके दिवस उपास केला, आता माझं काम व्हायलाच हवं’ हा हिशोब मनात शिरला की उपासाचा सौदा होतो. काम झालं नाही की मग एक तर देवावर राग येतो, नाहीतर ‘माझाच उपास कमी पडला’ म्हणून आणखी कडक उपास सुरू होतो. दोन्हींत माणूस दमतो आणि देवापासून दुरावतो.

मागणं चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. एज्राने प्रवासात संरक्षण मिळावं म्हणून उपास धरला, एस्तेरने आपल्या लोकांच्या जिवासाठी धरला. पण दावीद राजाकडे बघा. त्याचं मूल आजारी होतं आणि तो उपाशीपोटी जमिनीवर पडून होता. सातव्या दिवशी मूल गेलं. सेवकांना ती बातमी सांगायचीही भीती वाटली. ऐकल्यावर हा काय करून घेईल, असं त्यांना वाटलं. दावीद मात्र उठला, अंघोळ केली, तेल लावलं, कपडे बदलले, परमेश्वराच्या घरात जाऊन त्याने नमन केलं आणि मग घरी येऊन जेवला. त्याने मागितलेलं त्याला मिळालं नव्हतं, तरी तो आधी परमेश्वराच्या घरात गेला. सौदा करणारा माणूस तिथे गेला नसता.

याच्या अगदी उलट चित्र प्रेषितांच्या कृत्यांच्या तेविसाव्या अध्यायात आहे. प्रेषित पौलाला ठार मारेपर्यंत अन्नपाणी घेणार नाही, अशी शपथ चाळीसहून अधिक माणसांनी घेतली होती. निष्ठा कडक होती, पण उपास द्वेषासाठी होता. म्हणून नुसत्या कडकपणावरून उपासाची पारख करू नका.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते. ‘प्रार्थना आणि उपास यांशिवाय हा प्रकार निघत नाही’ हे मार्क ९:२९ मधलं वाक्य उपासाच्या ‘शक्ती’साठी नेहमी पुढे केलं जातं. सर्वांत जुन्या हस्तलिखितांपैकी काहींमध्ये तिथे फक्त ‘प्रार्थना’ आहे. सामर्थ्य प्रभूचं असतं. पोट रिकामं ठेवून ते वाढवता येत नाही.

जेवण टाळलं, वेळ मात्र उडाला

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. दुपारचं जेवण सोडलं, पण तो अर्धा तास फोनवर गेला किंवा उरलेलं काम उरकण्यात गेला. संध्याकाळी हाती काय राहिलं? डोकेदुखी आणि ‘आज उपास होता’ एवढं समाधान.

उपाय अगदी साधा आहे. आदल्या रात्री कागदावर तीन गोष्टी लिहून ठेवा: कोणतं स्तोत्र वाचणार, कोणासाठी प्रार्थना करणार, कोणतं पाप कबूल करायचं राहून गेलंय. जेवणाची वेळ झाली की तो कागद घेऊन बसा. मधे पोटात कावळे ओरडले तर त्यांना गप्प करायला धावू नका. मी तेव्हा मोठ्याने एवढंच म्हणते, ‘प्रभू, मला तू हवा आहेस.’ मग हातातलं काम पुढे चालू. दिवसातून असं दहा-बारा वेळा होतं, आणि त्या दिवशी माझी तेवढी प्रार्थना होते, जी एरवी होत नाही.

उपासाचा हेतू मला इथेच कळला. अरण्यात चाळीस दिवसांनंतर सैतान येशूला धोंड्यांच्या भाकरी करायला सांगतो. येशू जे उत्तर देतो ते ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायातलं आहे, आणि त्या अध्यायात मोशे इस्राएलाला आठवण करून देतो की देवाने तुम्हाला उपाशी राहू दिलं आणि मग मान्ना, म्हणजे अरण्यात पुरवलेलं अन्न, दिला. माणूस केवळ भाकरीने जगत नाही हे तुम्हाला कळावं म्हणून. भूक हा तिथे धडा होता. अन्नाला कोणी वाईट म्हटलेलं नाही. आपण कोणाच्या हातून जगतो, हे जेवलेल्या पोटी विसरायला होतं, एवढंच.

अंत्युखिया शहरातली मंडळीही (चर्च) पाहा. ते लोक प्रभूची सेवा आणि उपास करत होते, तेव्हा पवित्र आत्म्याने बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांना आपल्या कामासाठी वेगळं करायला सांगितलं. त्यांनी काही मागितलं होतं असं तिथे लिहिलेलं नाही. ते ऐकायला बसले होते.

उपाशी पोटी भडकणारा राग

एका शुक्रवारी सकाळपासून माझा उपास होता. संध्याकाळी टेबलावर बायबल उघडं होतं आणि माझ्या मुलाच्या हातून पाण्याचा पेला त्यावर सांडला. मी त्याच्यावर ओरडले, इतक्या जोरात की तो भिंतीला चिकटून उभा राहिला. पान पुसताना वाचलं तर यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय: तुम्ही भांडणतंट्यासाठी आणि ठोसे मारण्यासाठी उपास करता. ते पान अजून सुरकुतलेलं आहे.

चिडचिड झाली की लोक दोन चुका करतात. कोणी म्हणतं, ‘भुकेमुळे झालं, मी तसा नाही.’ कोणी म्हणतं, ‘उपास वाया गेला’, आणि सोडून देतं. भूक राग आणत नाही. आत असलेला राग वर येतो. एरवी आपण तो जेवणाखाली, चहाखाली दाबून ठेवतो. तो दिसला तर उपास आपलं काम करतोय. ज्याला दुखावलं त्याची लगेच माफी मागा आणि उपास पुढे चालू ठेवा. मी त्या संध्याकाळी मुलासमोर गुडघ्यावर बसून माफी मागितली. माझ्या त्या दिवसाच्या उपासातली सगळ्यात खरी प्रार्थना तीच होती.

त्याच अध्यायात देव मजुरांना राबवून घेणाऱ्यांना खडसावतो आणि भुकेल्याला आपली भाकर वाटून द्यायला सांगतो. ‘हर्मासचा मेंढपाळ’ या दुसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती पुस्तकात तर रीतच दिली आहे: उपासाच्या दिवशी वाचलेल्या जेवणाची किंमत मोजावी आणि ती विधवेला, अनाथाला किंवा गरजूला द्यावी. वाचलेला पैसा आपल्याच खिशात राहिला तर उपास अर्धाच झाला, असं मला ठामपणे वाटतं.

दिसण्यासाठी

मत्तय ६:१६ मध्ये येशू उपास दिसावा म्हणून उदास चेहरा करणाऱ्यांबद्दल बोलतो. मूळ ग्रीकमध्ये तिथे शब्दांचा खेळ आहे: ते आपला चेहरा दिसेनासा करतात, दिसावेत म्हणून. आजकाल हे काम स्टेटस करतं. पण गुप्तता म्हणजे लपवाछपवी नव्हे. घरात जो स्वयंपाक करतो त्याला आधी सांगा. अन्न वाया घालवून कोणता उपास होणार? कोणी जेवायला बोलावलं आणि विचारलं, तर एका वाक्यात सांगून विषय बदला. मंडळीने एकत्र ठरवलेला उपास तर उघडच असतो, योएल संदेष्ट्याच्या काळीही होता.

शरीराशी वैर

इन्सुलिन घेणारे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, मूत्रपिंडाचा विकार असलेले, खाण्यासंबंधीच्या मानसिक आजारातून गेलेले, या सगळ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अन्न सोडू नये. चालू औषधं स्वतःच्या मनाने थांबवू नका. दानीएल तीन आठवडे फक्त रुचकर अन्न, मांस आणि द्राक्षारस यांपासून दूर राहिला. तोही उपासच होता. कॅथलिक मंडळीतही राखेच्या बुधवारी (ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या पहिल्या दिवशी) आणि गुड फ्रायडेला उपासाचं बंधन १८ ते ५९ वयाच्या लोकांनाच आहे, आणि त्यात एक पूर्ण जेवण व दोन वेळा थोडं खाणं चालतं. आजाऱ्यांना सूट आहे.

पाणी सोडू नका. एस्तेरचे पाण्याशिवायचे तीन दिवस संकटातले होते, तो रोजचा नमुना नाही. चहा-कॉफीची सवय असेल तर ती एकदम बंद केल्यावर साधारण १२ ते २४ तासांत डोकं दुखू लागतं. त्याला आत्मिक लढाई समजू नका, आठवडाभर आधीपासून कप कमी करा. आणि पाचएक दिवस किंवा अधिक अन्नाशिवाय गेले असतील तर एकदम भरपेट जेवण जिवावर बेतू शकतं, कारण रक्तातले फॉस्फेटसारखे क्षार अचानक घसरतात. असा लांब उपास देखरेखीशिवाय धरूच नये.

पाळकांसाठी एक विनंती. शौल राजाने लढाईच्या दिवशी, संध्याकाळपर्यंत कोणी अन्न खाऊ नये अशी शपथ सैन्याला घातली. योनाथानाला ती माहीत नव्हती. त्याने काठीच्या टोकाने मध चाखला आणि त्याचे डोळे तरतरीत झाले. बाकीचे सैनिक इतके गळून गेले की संध्याकाळी रक्तासकट मांस खाऊ लागले. लादलेल्या उपासाने लोकांना पापाच्या जवळ नेलं. मंडळीला उपासाला बोलवा, पण कोण करतंय याची हजेरी घेऊ नका.

रविवारीही उपास?

पाश्चात्त्य परंपरेत राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस होतात. त्यातले सहा रविवार वगळले की ४० उरतात. काही जण जोशात ते रविवारही धरतात, पण रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाच्या आनंदाचा दिवस. येशूने स्वतःला नवरदेव मानून म्हटलं होतं की वर सोबत असताना वऱ्हाड्यांना शोक करता येत नाही. वर त्यांच्यापासून काढून घेतला जाईल तेव्हा ते उपास करतील. सहा दिवस त्याची वाट पाहून झाली असेल, तर रविवारी घरच्यांसोबत निवांत जेवायला बसा.