सिस्टर नवीन असतील तर आधी चप्पल काढा

रुमॅटॉईड आर्थ्रायटिसचं, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या संधिवाताचं, निदान होऊन मला सहा वर्षं झाली. तासगावजवळच्या शाळेत शिकवते, तपासणीला मिरजेला जाते. पहिली तीन वर्षं तिथे ज्या सिस्टर होत्या त्यांना फार सांगावंच लागायचं नाही. पर्सची चेन मी कोणत्या हाताने ओढते, खुर्चीतून उठताना टेबलाला धरते का, एवढं बघून त्या म्हणायच्या, "बाई, या खेपेला जास्त आहे ना?" त्या निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी आली. बोलायला गोड, कामाला चोख, पण संधिवाताचे पेशंट तिने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच पाहिलेले. तुमचं निदान नुकतंच झालं असेल आणि समोर अशी सिस्टर असेल, तर माझ्यावर काय बेतलं ते वाचा.

दर खेपेला सिस्टर सांधे दाबून बघतात, आकडे लिहितात आणि त्यातून एक स्कोअर निघतो. त्याला डॅस-२८ म्हणतात. २.६ च्या खाली आला की आजार शांत, ५.१ च्या वर गेला की भडकलेला. डॉक्टर आत बसून आधी तो आकडा बघतात आणि गोळ्या वाढवायच्या की कमी करायच्या ते बरंचसं त्यावर ठरवतात. हे २८ सांधे कोणते, हे मला तीन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. दोन खांदे, दोन कोपरं, दोन मनगटं, दोन गुडघे आणि दोन्ही हातांच्या बोटांचे वीस. झाले २८. घोटे त्यात नाहीत. पावलं नाहीत. पायाची बोटं नाहीत.

माझं दुखणं त्या वेळी पायात उतरलं होतं. सकाळी शहाबादी फरशीवर पाऊल टेकवलं की गारगोट्यांवर उभं राहिल्यासारखं वाटायचं. घरातही चप्पल घालून वावरत होते. वर्गात दुसऱ्या तासालाच खुर्ची ओढून घ्यायचे. हात मात्र बरे होते.

नव्या सिस्टरने यादीप्रमाणे सगळे सांधे दाबले. एकच दुखला, सूज कुठे नाही. रक्ताचा ईएसआर, म्हणजे अंगातली सूज दाखवणारा आकडा, १० आला होता. मग तिने ती रेघ पुढे केली, शून्य ते शंभर, 'तुम्हाला एकूण कसं वाटतंय' याची. "काकू, कसं आहे?" मी म्हटलं, "बरं आहे गं," आणि १५ वर खूण केली. ती आधीच घाबरलेली दिसत होती, बाहेर गर्दी होती, मला साडेचारची एसटी गाठायची होती. पायांचं आत डॉक्टरांना सांगू असं ठरवलं. आत गेले तेव्हा कागदावर २.४ लिहिलेलं होतं. डॉक्टर खूश झाले. आठवड्याचं मेथोट्रेक्सेट, म्हणजे हा आजार दाबून ठेवणारं माझं मुख्य औषध, २० मिलिग्रॅमवरून १५ वर आणलं. एवढी चांगली बातमी ऐकल्यावर पायांचं बोलायला माझी जीभ रेटली नाही.

जुन्या सिस्टरांनी मला चालत येताना बघितलं असतं आणि यादीत नसले तरी पाय दाबले असते. नवीन माणूस यादी सोडत नाही, आणि तिने सोडू नये हेच बरोबर आहे. म्हणून यादीच्या बाहेरचं आपणच तिच्यापुढे ठेवायचं. खुर्चीत बसल्या बसल्या चप्पल काढा, मोजे काढा, पाय पुढे करा आणि म्हणा, "सिस्टर, हेही दाबून बघा आणि कागदावर लिहा." नुसतं ऐकून सोडू देऊ नका, लिहायला लावा. दाबताना अंगठ्याचं नख पांढरं पडेल इतका जोर लागतो. नवीन मुली आपल्याला दुखेल म्हणून हलक्या हाताने दाबतात, तेव्हा तेही सांगा. मानेचं, जबड्याचं दुखत असेल तर तेही याच वेळी. त्या रेघेवर खूण करताना आजचा दिवस नाही, गेला आठवडा आठवा. सकाळचा आखडलेपणा किती मिनिटं राहतो ते घरीच वहीत लिहून न्या. 'बरं आहे' हा शब्द त्या खोलीत उच्चारू नका.

दुसरी गोष्ट थोडक्यात, पण ही जिवाशी आहे. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं. रोज घेतलं तर तोंड सोलवटतं, पांढऱ्या पेशी कोसळतात, माणूस दगावू शकतो. त्याच्यासोबत देतात ती फॉलिक ॲसिडची गोळीही पुष्कळदा तशीच पिवळी असते, त्यामुळे दोन्हींत गफलत होते. घाईत कुणी "रात्री जेवल्यावर एक" एवढंच म्हणालं तर तिथेच थांबवा, वार विचारा आणि पाकिटावर वार लिहून घ्या. माझ्या पाकिटावर 'गुरुवार' असं मोठ्या अक्षरात असतं. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांकडे लघवीच्या किंवा खोकल्याच्या तक्रारीला गेलात तर मेथोट्रेक्सेट चालू आहे हे आधी सांगा, कारण सेप्ट्रानसारखी अँटिबायोटिक गोळी त्यासोबत घातक ठरते.

सिस्टर नवीन आहे म्हणून दवाखाना बदलू नका. माझ्या नणंदेने दोन वर्षांत तीन बदलले आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून सुरुवात झाली. पुडीवाल्यांच्या तर वाटेलाही जाऊ नका. पुडीने चार दिवसांत उड्या मारायला लागता तेव्हा त्यात बहुतेक स्टेरॉईड असतं, आणि हाडं आतून ठिसूळ होत राहतात. नवऱ्याला किंवा मुलाला आपल्या वतीने बोलू देऊ नका, हेही माझं ठाम मत आहे. दुखणं ज्याचं, त्यानेच सांगावं.

आणि घाबरू नका. नव्या मुली विचारलेलं मनावर घेतात. मी पुढच्या खेपेला पाय पुढे केले तेव्हा ती क्षणभर गोंधळली, मग खाली बसून एकेक बोट दाबलं, आणि डावीकडची तीन, उजवीकडची दोन असं समासात लिहिलं. डॉक्टरांनी त्याच दिवशी डोस परत २० वर नेला आणि पावलांचा एक्स-रे काढायला सांगितला. डाव्या पायाच्या दोन बोटांच्या सांध्यांत हाड कुरतडलेलं दिसलं. ते आता भरून येणार नाही. तुमच्या हातांचा एक्स-रे काढतील तेव्हा पावलांचाही काढायचा का, हे पहिल्याच वर्षी विचारा.