साइटचे फोटो स्लाइडवर नेताना: नव्या साइट इंजिनिअरसाठी

महिनाअखेरीला प्रोग्रेस रिपोर्टचं पीपीटी नव्या इंजिनिअरकडेच येतं. फोटो शंभर-दीडशे, आणि मीटिंग दुसऱ्या दिवशी सकाळी. पॉवरपॉइंट येत नाही म्हणून सहसा कुणी अडत नाही. घोळ होतो तो त्याआधी, फोटोंच्या फोल्डरमध्ये.

त्यातला सगळ्यांत वाईट घोळ तारखेचा. हा भाग सावकाश वाचा. सुपरवायझर आणि कॉन्ट्रॅक्टरची माणसं फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकतात. तिथून उतरवलेल्या फाइलच्या नावात तारीख असते, पण ती फोटो पाठवल्याची, काढल्याची नव्हे. शिवाय साधा फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो लहान करतं आणि कॅमेऱ्याने आत नोंदवलेली मूळ वेळ काढून टाकतं. आता समजा, बी विंगच्या सातव्या स्लॅबची सळई ११ तारखेला बांधून झाली आणि काँक्रीट १२ तारखेला पडलं. काँक्रीटचा फोटो त्याच संध्याकाळी ग्रुपवर आला, सळईचा मात्र सुपरवायझरने आठवण झाल्यावर १५ तारखेला टाकला. तुम्ही नावाप्रमाणे लावलंत तर आधी काँक्रीट आणि नंतर सळई अशा स्लाइड तयार होतात. कन्सल्टंटच्या हे पहिल्याच नजरेत लक्षात येतं. मग त्याचा विश्वास त्या एका स्लाइडवरून नाही, अख्ख्या रिपोर्टवरून उडतो. त्यात आरए बिलाची (झालेल्या कामाच्या मोजमापावर कॉन्ट्रॅक्टरला टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या बिलाची) चर्चा त्याच बैठकीत असेल, तर प्रश्न थेट मोजमापावर जातो.

उपाय सोपा आहे. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी येते. मग विंडोजच्या फोल्डरमध्ये 'डेट टेकन' हा रकाना उघडा आणि त्यावर क्रम लावा. 'डेट मॉडिफाइड'वर अजिबात विसंबू नका, फाइल कॉपी करताना किंवा उतरवताना ती भलतंच सांगू शकते. ज्या फोटोपुढे 'डेट टेकन' रिकामा आहे तो बहुतेक व्हॉट्सॲपमधून आलेला आहे, असं धरा आणि काढणाऱ्याला फोन करून तारीख विचारा. अंदाजाने तारीख घालू नका. एक फोन करायला लाजून पुढचे तीन महिने खुलासे देत बसण्यात काही अर्थ नाही.

तारीख पक्की झाली की नावं. वर्ष-महिना-दिवस, मग विंग, मजला, काम, शेवटी क्रमांक: '२०२५-०६-१२ बी विंग मजला ०७ स्लॅब काँक्रीट ०३'. दिवस आधी लिहिलात तर ०३ जुलै हा १२ जूनच्या वर जाऊन बसतो. मजला ७ न लिहिता ०७ लिहायचा, कारण बऱ्याच स्क्रिप्ट नावं अक्षर-अक्षर तपासतात आणि त्यांच्या लेखी १० हा २ च्या आधी येतो. विंडोजचा एक्सप्लोरर नावातला आकडा ओळखतो, म्हणून तुमच्या स्क्रीनवर क्रम बरोबर दिसतो आणि गफलत कळतच नाही. इंग्रजी आणि मराठी अंकांची सरमिसळही नको. सगळ्या फाइली निवडून एफ-२ दाबल्यावर विंडोज जे आकडे देतं त्यांना पुढे शून्य नसतं. शून्यासकट आकडे हवे असतील तर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधलं पॉवररिनेम फुकट मिळतं.

एवढं झालं असेल तर निश्चिंत व्हा, अवघड भाग संपला.

पॉवरपॉइंटमध्ये इन्सर्ट, फोटो अल्बम, न्यू फोटो अल्बम. 'फाइल/डिस्क'वर जाऊन फोल्डर उघडा आणि कंट्रोल-ए दाबा. 'पिक्चर्स इन अल्बम' या यादीतला क्रम वरून खाली एकदा वाचा, चुकला असेल तर खालच्या बाणांनी हलवा. आडवे पडलेले फोटो तिथेच फिरवता येतात. आता 'पिक्चर लेआउट'. तिथे आधीपासून 'फिट टू स्लाइड' असतं आणि त्यामुळे 'कॅप्शन्स बिलो ऑल पिक्चर्स' ही चौकट बंद दिसते. लेआउट 'वन पिक्चर' किंवा 'टू पिक्चर्स' केला की ती उघडते. फोटोखालची ओळ म्हणून फाइलचं नावच येतं, म्हणजे मघाची मेहनत इथे वसूल होते. अल्बम नेहमी नव्या प्रेझेंटेशनमध्ये तयार होतो. कंपनीच्या टेम्प्लेटमध्ये न्यायला स्लाइड कॉपी करून 'यूज डेस्टिनेशन थीम'ने चिकटवा. लिबरऑफिस इम्प्रेसमध्येही फोटो अल्बम आहे, इन्सर्टमधल्या मीडियाखाली.

मापाचं थोडं गणित डोक्यात ठेवा. रुंद स्लाइड १३.३३ बाय ७.५ इंच असते आणि मोबाइलचा फोटो बहुधा ४:३. पूर्ण उंचीला बसवला तर तो १० इंच रुंद होतो आणि बाजूला ३.३३ इंच जागा उरते. ती मोकळी राहू द्या. स्लाइड भरून टाकायच्या हौसेने क्रॉप केलंत तर उंचीचा पाव भाग जातो, वरून आठवा आणि खालून आठवा. जीपीएस कॅमेऱ्याच्या ॲपचा तारखेचा, अक्षांश-रेखांशाचा शिक्का नेमका खालीच असतो! तुमचा पुरावा तुम्हीच कापता. उभे फोटो एकेकटे लावू नका. एक ५.६ इंचच रुंद होतो, दोन शेजारी सव्वाअकरा इंचांत छान बसतात: डावीकडे मागचा महिना, उजवीकडे हा.

फाइलचा आकार शेवटी बघा. चार एमबीचे ५० फोटो म्हणजे २०० एमबी, आणि जीमेलची मर्यादा २५. एखादा फोटो निवडून 'कॉम्प्रेस पिक्चर्स' उघडा, 'अप्लाय ओन्ली टु धिस पिक्चर'वरची खूण काढा, १५० पीपीआय घ्या. हनीकॉम्बिंग (काँक्रीटमधली पोकळ, खडबडीत जागा), भेगा, कव्हर ब्लॉक (सळईखाली ठेवायचे छोटे ठोकळे) दाखवणारे फोटो मात्र मूळ फाइलमधून कॉम्प्रेसनंतर पुन्हा टाका, नाहीतर बारकावे विरतात. मूळ फोल्डर कधीही पुसू नका.

शॉर्टकटांबद्दल स्पष्ट सांगायचं तर 'मागच्या महिन्याचं पीपीटी घे, फोटो बदल' हा सल्ला धोक्याचा आहे, कितीही अनुभवी माणसाने दिला तरी. 'चेंज पिक्चर' केल्यावर खालची जुनी ओळ आणि जुनी तारीख तशीच राहते. अनोळखी वेबसाइटवर क्लायंटच्या साइटचे फोटो चढवून स्लाइड करून घेणं तर नकोच. पायथन येत असेल तर स्क्रिप्टने स्लाइड बनवणारी पायथन-पीपीटीएक्स ही लायब्ररी उत्तम, पण ती फोटोतली दिशेची नोंद पाळत नाही, म्हणून मोबाइलचे फोटो आडवे पडतात. फोटो आधी पिलो या पायथनच्याच लायब्ररीतल्या 'एक्झिफ ट्रान्सपोज'मधून काढा. आयफोनचे एचईआयसी फोटोही पायथन-पीपीटीएक्स घेत नाही, जेपीजी करून द्या.

खरा शिकवणारा सीनियर पीपीटीवर वेळ घालवत नाही. तो तुम्हाला साइटवर नेऊन जागा दाखवतो: या कॉलमपाशी उभं राहायचं, दर महिन्याला इथूनच काढायचा. अशा पाच-सहा जागा ठरल्या की दीडशे फोटोंमधून वीस निवडणं जड जात नाही. तो सीनियर मिळाला नाही तर जागा तुम्हीच ठरवा आणि प्लॅनवर खुणा करा.

पाठवण्याआधी स्लाइड शो लावून फक्त फोटोखालच्या ओळी वाचा, फोटो बघू नका. प्रत्येक काँक्रीटच्या फोटोची तारीख त्या भागाच्या पोअर कार्डाशी (काँक्रीट टाकल्याच्या नोंदीशी) ताडून पाहा. जुळत नसेल ती स्लाइड काढून ठेवा आणि तारीख पक्की झाल्यावरच परत घाला.