कॉर्डलेसवर खरखर? आधी लाइन तपासा, मग फोन

खरखर सुरू झाली की बरेच जण थेट नवा फोन बघायला निघतात. त्याआधी शेजाऱ्यांकडून साधा, वायरचा फोन तासभर मागून आणा. दोष लाइनमध्ये आहे की कॉर्डलेसमध्ये, हे तोच सांगेल.

रोझेटमधून, म्हणजे लाइन येते त्या भिंतीवरच्या डबीतून, कॉर्डलेसचा बेस (हँडसेट ठेवायची बैठक), मोडेम, आतल्या खोलीतलं एक्स्टेन्शन, सगळं काढा आणि फक्त साधा फोन लावा. रिसीव्हर उचलून कोणताही एकच अंक दाबा. डायलटोन थांबतो आणि काही सेकंद लाइन गप्प राहते. त्या शांततेतही खरखर असेल, तर कॉर्डलेस निर्दोष.

मग रोझेट उघडा. स्क्रूखाली तार हिरवट झाली असेल तर टोक छाटा, नवं तांबं उघडं करून घट्ट कसा. हात कोरडे हवेत. लाइनवर साधारण 48 व्होल्ट असतात, पण घंटी वाजताना त्याहून बरेच जास्त. महाबळेश्वर-पाटणकडे खरखर पावसाळ्यातच येत असेल, तर बहुधा बाहेरच्या जोडात पाणी शिरलेलं असतं. तक्रार देताना ‘साध्या फोनवरही येते’ हे आवर्जून सांगा, नाहीतर लाइनमन तुमच्या कॉर्डलेसवरच बोट ठेवेल.

एक्स्टेन्शन आणि मोडेम एकेक करून परत जोडा. मोडेम लावताच सुसू आवाज आला, तर स्प्लिटर (फोन आणि इंटरनेट वेगळे करणारी छोटी डबी) खराब आहे किंवा तारा उलट्या खोचल्यात.

साध्या फोनवर आवाज स्वच्छ असेल, तर बेसकडे वळा. हँडसेट बेसशेजारी धरून बोला. तिथे ठीक आणि माजघरात तुटक, म्हणजे अडथळा मध्ये आहे. साताऱ्यातल्या जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंती आणि लोखंडी कपाटं सिग्नल खातात. बेस घराच्या मध्यावर, उंच फळीवर, राउटरपासून निदान मीटरभर लांब ठेवा. घरघर लाइट गेल्यावरच येत असेल, तर संशय स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर घ्या.

बेसजवळही तुटतंय? सेल बदला. बहुतेक हँडसेटमध्ये 1.2 व्होल्टचे दोन ट्रिपल-ए निकेल मेटल हायड्राइड सेल असतात. रिमोटचे साधे सेल घालून चार्जिंगला ठेवू नका, ते गळतात. चार्जिंगच्या पट्ट्या खोडरबरने घासा आणि नवे सेल पहिल्यांदा सात-आठ तास चार्ज होऊ द्या.

फक्त समोरच्यालाच तुमचा आवाज दबका येत असेल, तर खालच्या माइकच्या भोकावरची धूळ कोरड्या टूथब्रशने झाडा. टाचणी खुपसू नका, आतला पडदा फाटतो.