रिटर्नची तारीख चुकली की पोरांच्या शिक्षणाची टॅक्स सवलतपण जाते, या चुका टाळा

आमचे दाजी सांगलीत विश्रामबागला राहतात, मुलगी परदेशात एमएस करतीय आणि तिचं कर्ज दाजींच्याच नावावर. ऑफिसात त्यांनी जुनी टॅक्स पद्धत (फी, व्याज, विमा असल्या सवलती वजा होतात ती) सांगून ठेवलेली, कापणीपण तशीच झाली, पण रिटर्नची तारीख निघून गेली आणि डिसेंबरमध्ये भरायला बसले तर जुनी पद्धत निवडताच येईना. मला तेव्हा खरंच वाईट वाटलं, कारण ही गोष्ट त्यांना कोणी सांगितलीच नव्हती.

तर सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. फी आणि शिक्षण कर्जाचं व्याज, दोन्हीची सवलत फक्त जुन्या पद्धतीत मिळते आणि जुनी पद्धत हवी असेल तर रिटर्न मुदतीतच भरावं लागतं, पगारदारांना साधारण ३१ जुलै. उशीर झाला की थेट नवीन पद्धत. समजा पगार १५ लाख, ८०सीचे (पीएफ, एलआयसी, फी यांच्या सवलतीचं आयकराचं कलम) दीड लाख, घरकर्जाचं व्याज २ लाख, शिक्षण कर्जाचं ३ लाख. २०२५-२६ च्या हिशोबाने जुन्या पद्धतीत टॅक्स ७५,४०० येतो, नवीनमध्ये ९७,५००. म्हंजे २२,१०० जास्त, वर ५,००० लेट फी, आणि बाकी टॅक्सवर महिन्याला १ टक्का व्याज ते वेगळंच.

दुसरं, "१२ लाखापर्यंत टॅक्स नाही मग रिटर्न कशाला" असं खूप जण म्हणतात. टॅक्स शून्य होतो तो रिबेटमुळे (म्हंजे निघालेल्या टॅक्सवर मिळणारी सूट), पण नवीन पद्धतीत उत्पन्न ४ लाखाच्या वर गेलं की रिटर्न भरायलाच लागतं. उशिरा भरलं तर टॅक्स शून्य असूनही लेट फी आहेच, ५ लाखापर्यंत उत्पन्न असेल तर १,०००, त्याच्यावर ५,०००.

आता फीचं. शाळेच्या पावतीवर बस, जेवण, हॉस्टेल, डेव्हलपमेंट फी, डोनेशन सगळं एकत्र असतं आणि लोक पूर्ण आकडा टाकून मोकळे होतात. ८०सीमध्ये फक्त ट्यूशन फी धरतात, तीपण भारतातल्या शाळा-कॉलेजच्या पूर्णवेळ शिक्षणाची, दोन मुलांपर्यंत, आणि पीएफ-एलआयसी सगळं धरून दीड लाखातच. बाहेरच्या क्लासची फी नाही चालत. शाळेकडून फीची फोड करून पावती मागून घ्या, देतात.

कर्जाच्या व्याजाला म्हंजे ८०ईला रकमेची मर्यादा नाही, पण व्याज भरायला लागल्यापासून ८ वर्षंच मिळते आणि मुद्दलावर काही नाही. कर्ज बँकेचं किंवा मान्यताप्राप्त संस्थेचं पाहिजे, मामाकडून घेतलेले पैसे यात बसत नाहीत. आणि आपल्याकडे भाऊ बहिणीसाठी कर्ज काढतो, हप्तेपण तोच भरतो, पण सवलत स्वतःच्या, नवरा-बायकोच्या आणि मुलांच्या शिक्षणालाच आहे, भावंडांना नाही (तो कायदेशीर पालक असेल तर गोष्ट वेगळी). हे मला स्वतःला पटत नाही, पण नियम तसा आहे.

तासगाव भागातल्या द्राक्षवाल्यांसाठी एक सांगतो. निव्वळ शेतीचंच उत्पन्न असेल तर रिटर्नची सक्ती नाही, पण पोराच्या कर्जाला सहकर्जदार म्हणून सही करायला गेलात की बँक बहुतेक वेळा मागच्या दोन-तीन वर्षांची रिटर्न्स मागते, आणि ती एका रात्रीत तयार होत नाहीत. शिवाय फीसाठी स्वतःचे १० लाखाच्या वर पैसे बाहेर पाठवले की बँक टीसीएस (आधीच घेतलेला टॅक्स) कापते, एफडीवर टीडीएस कापलेला असतो, टॅक्स लागत नसेल तर ते सगळे परत मिळतात पण रिटर्न भरलं तरच.

तारीख गेलीच असेल तर ३१ डिसेंबरच्या आत उशिराचं रिटर्न भरा आणि ३० दिवसांत आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करा, ते राहिलं तर भरलेलं धरत नाहीत. डिसेंबरपण गेला तर अपडेटेड रिटर्न ४ वर्षांपर्यंत भरता येतं, त्यात २५ ते ७० टक्के जादा टॅक्स लागतो आणि रिफंड मात्र मागता येत नाही.