टोल रोड आला म्हणजे आपला धंदा वाढणार का? आधी हा हिशोब करा

समृद्धी महामार्ग (मुंबई-नागपूर टोल रोड) चालू झाल्यापासून नाशकात कुणाशीही बोला, रोड आला की भाग सुधारतो हे ठरलेलं वाक्य. सुधारतो ना, पण कोणाचा ते बघायला लागतं.

सगळ्यात आधी मॅप उघडा आणि इंटरचेंज कुठे आहे ते शोधा, रोड कुठून जातो ते नंतर. समृद्धी ७०१ किलोमीटरचा आहे पण चढायला-उतरायला ठरलेल्याच जागा, आपल्या बाजूला सिन्नरचं गोंदे, भरवीर आणि इगतपुरी (गोंदे दोन आहेत बरं का, वाडीवऱ्हेकडचं गोंदे दुमाला वेगळं, प्लॉटच्या जाहिरातीत हा घोळ मुद्दाम घालतात). मधल्या गावाला रोड नुसता दिसतो, गाडी थांबत नाही. म्हणून "समृद्धी टच" प्लॉट म्हटलं की पहिला प्रश्न, टच आहे पण एंट्री कुठून? कुंपणाला टच असून काय उपयोग. जागेवर जाऊन इंटरचेंजपासून प्लॉटपर्यंत स्वतः गाडी चालवा, किलोमीटर बघा, रस्ता सरकारी आहे का कुणाच्या बांधावरून जातो ते तलाठ्याकडे नकाशात बघा, मग भावाचं बोला.

आता माल पाठवणाऱ्यांसाठी, इथे नीट लक्ष द्या. एप्रिल २०२५ पासून समृद्धीचा दर कारला किलोमीटरमागे २.०६ रुपये, पिकअपसारख्या हलक्या मालगाडीला ३.३२ आणि दोन एक्सलच्या ट्रकला ६.९७. इगतपुरी ते आमणे (भिवंडीजवळ, समृद्धीचं मुंबईकडचं टोक) ७६ किलोमीटर, म्हणजे पिकअपला साधारण २५२ रुपये. समजा पिंपळगावहून वाशीला टोमॅटोचे ७५ क्रेट चाललेत, २० किलोचा एक, तर क्रेटमागे ३ रुपये ३६ पैसे. ऐकायला काहीच नाही, पण गाडी रिकामी परत आली तरी टोल लागतोच, मग झाले पावणेसात. यातून जुन्या रोडने जो टोल लागला असता तो वजा करा, कसारा घाटात जाणारं डिझेल वजा करा, उरेल तो खरा खर्च. आणि हा क्रेटमागेच काढा, कारण टोमॅटो ८०० ला गेला तर पावणेसात रुपये कुणाला आठवत नाहीत, पण क्रेट १०० वर आला की तेच टोचतात.

वेळ वाचतो ते खरंय, पण वाचलेल्या वेळेचे पैसे कधी होतात? गाडीची आठवड्यात एक फेरी वाढली तर, किंवा माल पहाटेच्या लिलावाला पोचला तर. ड्रायव्हर आमण्याला लवकर उतरून पुढे ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये उभा राहणार असेल तर तुम्ही टोल भरून फक्त थांबायची जागा बदलली. द्राक्षाचा रीफर (थंड ठेवणारा) कंटेनर जेएनपीटी बंदराला जाणार असेल तर गोष्ट वेगळी, तिथे जहाजाची कटऑफ, म्हणजे माल पोचवायची शेवटची वेळ असते, ती चुकली की नुकसान टोलच्या कितीतरी पट.

ट्रान्सपोर्टवाल्याशी भाडं ठरवताना "टोलसकट की टोल वेगळा" हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनच घ्या. टोल वेगळा असेल तर फास्टॅगचं स्टेटमेंट मागा, गाडी जुन्या रोडने आणि बिल समृद्धीचं असं नको. टोलवर जीएसटी नाही त्यामुळे त्याचं जीएसटी क्रेडिट (भरलेला कर वळता होणं) मिळेल हा विचार सोडा, टोल सरळ खर्चात धरा. फास्टॅगचा वार्षिक पास पण इथे चालत नाही, तो खासगी कारसाठी आणि नॅशनल हायवेवर, समृद्धी राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा (एमएसआरडीसी) आहे.

राहिले जुन्या हायवेवरचे हॉटेल, टपरी, पंक्चरवाले. गल्ल्यावरून अंदाज लावू नका, सीझनला गल्ला फसवतो. एक सुट्टीचा आणि एक कामाचा दिवस पार्किंगमध्ये नंबरप्लेट बघा, एमएच १५ (नाशिकच्या गाड्या) किती आणि बाहेरच्या किती. बाहेरच्या जास्त असतील तर तेच गिऱ्हाईक आधी तुटणार, कारण त्याला फक्त पुढे जायचंय. एमएच १५ वाला मिसळ खायला मुद्दाम वाकडी वाट करून पण येतो, त्याला टोल रोडशी काही घेणं नाही. आकडा बाहेरच्यांकडे झुकत असेल तर जागेचा करार ११ महिन्यांचाच ठेवा आणि नवीन एसी हॉलसाठी लोन काढायचं सध्या थांबवा.