कोलेस्टेरॉल पेशीच्या पटलात काय करतं, हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर

तीन कुप्या घ्या. तिन्हींत डीओपीसी आणि डीपीपीसी ही पटल बनवणारी दोन लिपिडं (स्निग्ध पदार्थ) समसमान ठेवायची. बदलायचं फक्त कोलेस्टेरॉल: शून्य, 30 आणि 55 मोल टक्के. प्रत्येकीत टेक्सास रेड डीएचपीई हा चमकणारा रंग अर्धा टक्का. एमएस्सीच्या मुलांना मी हा विषय फळ्यावर शिकवण्याआधी हेच करायला लावते, कारण एकदा पाहिलं की पुढचं सगळं समजतं.

टक्के मोलचे, म्हणजे रेणूंच्या संख्येचे आहेत, वजनाचे नाहीत. कोलेस्टेरॉलचा रेणुभार 387, तर त्या दोन लिपिडांचा साडेसातशेच्या आसपास. म्हणजे 30 मोल टक्के म्हणजे वजनाने जेमतेम 18 टक्के. वजनाने 30 टक्के घातलंत, तर प्रत्यक्षात 46 मोल टक्के होतील आणि पटल वेगळंच वागेल. आकडेमोड आधी वहीत करा, मग कुपी उघडा. लिपिडं क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलेली असतात; तो फ्यूम हूडखालीच हाताळा, आणि काचेच्या सिरिंजनेच घ्या. प्लास्टिक त्यात विरघळतं.

डीपीपीसीच्या रेणूच्या दोन्ही शेपट्या (लांब कार्बन-साखळ्या) सरळ, म्हणून 41 अंशांखाली त्या एकमेकींना घट्ट चिकटून जेल होतात. डीओपीसीच्या शेपट्या मध्येच वाकलेल्या, म्हणून ते शून्याच्या खालीही बरंच पातळ राहतं. आयटीओचा (वीज वाहणाऱ्या इंडियम टिन ऑक्साइडचा) लेप असलेली काच 60 अंशांवर गरम ठेवून त्यावर मिश्रण पसरा, म्हणजे सुकतानाच घटक वेगळे होत नाहीत. व्हॅक्यूममध्ये तासभर सुकवा. मग 200 मिलिमोलर सुक्रोज भरून, 60 अंशांवरच, 10 हर्ट्झ आणि 1 व्होल्टच्या उलटसुलट वाहणाऱ्या विजेवर तासभर ठेवा. तयार झालेले पटलाचे पोकळ फुगे तेवढ्याच तीव्रतेच्या ग्लुकोजमध्ये सोडले की जड सुक्रोजमुळे तळाशी बसतात आणि पाहायला सोपे जातात.

आता सूक्ष्मदर्शकाखाली फुग्यावरच्या काळ्या आणि उजळ भागांचे आकार बघा. हा रंग पातळ, विस्कळीत भागात राहतो, म्हणून काळे दिसतील ते नीट रचलेले भाग. शून्यवाल्या कुपीत त्यांच्या कडा वेड्यावाकड्या असतात: ते घन जेल आहे. 30 टक्क्यांच्या कुपीत तेच काळे भाग गोल असतात, हलतात, आणि दोन जवळ आले की आमटीवरच्या तेलाच्या थेंबांसारखे मिसळून पुन्हा गोल होतात. गोल होतंय म्हणजे ते द्रव आहे. हा क्षण मुलांना निवांत बघू द्या, घाई करू नका. 55 टक्क्यांत फुगा सगळीकडे सारखा दिसतो.

कोलेस्टेरॉलची चार कड्यांची सपाट, ताठ चौकट शेपट्यांच्या बाजूला उभी राहते. त्याचा ओएच गट पाण्याच्या बाजूला, लिपिडाच्या एस्टर गटांजवळ असतो. शेजारची वाकडीतिकडी शेपटी त्यामुळे सरळ होते, पटल दाट आणि जाड होतं. पण जेलमध्ये तेच कोलेस्टेरॉल शेपट्यांना जाळीसारखं रचू देत नाही. पातळाला ते आवरतं, गोठलेल्याला सैल करतं. यातून जी अवस्था तयार होते तिला सुव्यवस्थित द्रव म्हणतात: शेपट्या सरळ, तरी रेणू बाजूला सरकू शकतात. 1987 मध्ये इप्सेन आणि सहकाऱ्यांनी ती मांडली. मला या विषयात याहून सुंदर काही वाटत नाही.

खोलीचं तापमान मात्र विसरू नका. 30 टक्क्यांच्या मिश्रणातले गोल भाग साधारण 30 अंशांच्या आसपास विरघळतात. मे महिन्यात एसी बंद असलेल्या प्रयोगशाळेत फुगे चांगले बनूनही काहीच दिसणार नाही. म्हणून सूक्ष्मदर्शकाचं स्टेज आधी 40 अंशांपर्यंत तापवा, सगळं एकसारखं झालंय याची खात्री करा, मग हळूहळू 25 वर आणा. भाग पुन्हा उमटले, तर ते मिश्रणाचेच आहेत. तापवूनही टिकले, किंवा दिव्याखाली एकाच फुग्यात वाढत गेले, तर बहुधा प्रकाशाने लिपिड ऑक्सिडाइज होतंय. दिवा मंद करा, शटर फोटोपुरतंच उघडा, नवा फुगा शोधा आणि प्रत्येक फोटोखाली तापमान लिहून ठेवा.