बुटक्या गव्हासाठी आंतरप्रजातीय संकर करताना या चुका टाळा

गव्हाचा बुटकेपणा अनेकदा मोठा परिणाम करणाऱ्या एकाच जनुकामुळे येतो. तरीही दोन प्रजातींच्या संकरातून बुटके आणि भरघोस उत्पादन देणारे वाण काढण्याचे प्रयत्न पुष्कळ वेळा मधल्याच पिढीत फसतात. जोडी निवडताना झाडाची उंची आणि ओंबी पाहिली जाते, मात्र ती उंची ठरवणारे जनुक कोणत्या गुणसूत्रावर आहे आणि ते गुणसूत्र दुसऱ्या पालकाकडे आहे का, याची खात्री करून घेतली जात नाही. माझ्या मते पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ येथेच असते.

जनुकाचे ठिकाण न पाहता पालक निवडणे

सरबती म्हणजे पोळीच्या नेहमीच्या गव्हात ४२ गुणसूत्रे असतात आणि ती ए, बी व डी अशा तीन संचांतून आलेली असतात. बन्सी आणि खपली या गव्हांत २८ गुणसूत्रे असतात, म्हणजे त्यांच्याकडे ए आणि बी हे दोनच संच असतात. जपानच्या नोरिन १० या जातीतून जगभर पसरलेल्या बुटकेपणाच्या दोन प्रमुख जनुकांपैकी आरएचटी-बी१बी हे ४बी या गुणसूत्रावर आहे, तर आरएचटी-डी१बी हे ४डी वर आहे. नोरिन १० चे बी १९४६ मध्ये अमेरिकेत पोहोचले, गहू-पैदासकार ऑरव्हिल व्होगेल यांनी त्यावर वॉशिंग्टन राज्यात काम केले आणि तेथून ते मेक्सिकोत हरितक्रांतीचे जनक नॉर्मन बोरलॉग यांच्या हाती गेले. सरबती गव्हातले हे सारे संकर एकाच प्रजातीच्या आतले होते. प्रजातीची सीमा ओलांडावी लागली ती हा बुटकेपणा बन्सी गव्हात नेताना, आणि तेथे आरएचटी-बी१बी उपयोगी पडले.

आता हीच गोष्ट आरएचटी-डी१बी घेऊन करायला गेल्यास काय होते ते पाहा. सरबती आणि बन्सी यांच्या पहिल्या पिढीच्या संकरात ३५ गुणसूत्रे येतात. त्यांपैकी २८ गुणसूत्रांच्या १४ जोड्या जुळतात, परंतु डी संचातली सात गुणसूत्रे जोडीदाराविना एकटी राहतात आणि बन्सीशी पुन्हा पुन्हा पश्चसंकर (म्हणजे संततीचा त्याच पालकाशी पुन्हा संकर) करत गेल्यावर ती गळून जातात. त्यांच्याबरोबर बुटकेपणाही जातो. सुरुवातीच्या पिढ्यांत बुटकी झाडे मिळत होती आणि पुढे सगळी झाडे उंचच निघू लागली, अशी तक्रार असेल तर सर्वप्रथम हेच तपासावे. अशा वेळी आरएचटी-बी१बी असलेला दाता (ज्याच्याकडून गुण घ्यायचा तो पालक) निवडावा, किंवा आरएचटी१४ आणि आरएचटी१८ या जनुकांचा विचार करावा, कारण ही दोन्ही जनुके बन्सी गव्हाच्याच उत्परिवर्तनांतून आलेली असून ६ए गुणसूत्रावर आहेत.

आलेल्या प्रत्येक दाण्याला संकर मानणे

गव्हाच्या प्रत्येक फुलात तीन परागकोश असतात. मादी म्हणून घेतलेल्या फुलातले ते हिरवे असतानाच चिमट्याने काढावे लागतात, आणि एक जरी मागे राहिला तरी तो ओंबीवर चढवलेल्या पिशवीच्या आत फुटून स्वपरागणाने दाणा भरतो. प्रत्येक कणिसकातली (ओंबीतल्या फुलांच्या लहान गुच्छातली) मधली फुले आधीच खुडून बाजूची दोनच ठेवावीत, म्हणजे प्रत्येक फूल नीट हाताळता येते. बन्सी गव्हाचा डी संच असलेल्या एजिलॉप्स टॉश्चीसारख्या रानगवताशी संकर केला असताना टपोरा, पूर्ण भरलेला दाणा मिळाला, तर आनंदाआधी शंका घ्यावी. अशा संकरात भ्रूणपोष (भ्रूणाला पोसणारा दाण्यातला भाग) नीट वाढत नाही, दाणा पाणचट किंवा सुरकुतलेला असतो, आणि त्यातला भ्रूण परागणानंतर साधारण दोन आठवड्यांनी बाहेर काढून पोषक माध्यमावर वाढवावा लागतो. दाणा ओंबीतच पिकू दिला तर भ्रूण बहुधा उपाशी मरतो.

खरी खात्री मुळाच्या टोकावरील पेशींतली गुणसूत्रे मोजूनच होते. सरबती आणि बन्सीच्या संकरात ३५, तर बन्सी आणि एजिलॉप्स टॉश्चीच्या संकरात २१ गुणसूत्रे दिसली पाहिजेत. मादी म्हणून शक्यतो गव्हालाच घ्यावे, कारण पेशीद्रव्य (पेशीतला केंद्रकाबाहेरचा भाग) मादीकडून येते, आणि ते परक्या प्रजातीचे आले की नरवंध्यता, म्हणजे निकामी पराग, उद्भवू शकते. टिमोफीवी या गव्हाच्या वेगळ्या प्रजातीच्या पेशीद्रव्याचा हा परिणाम प्रसिद्धच आहे.

आजारी झाडाला बुटके झाड समजणे

ही चूक मला सर्वांत घातक वाटते, कारण ती निवडीच्या वेळी होते आणि तिच्यामुळे पुढची कित्येक वर्षे वाया जातात. ३५ गुणसूत्रांच्या झाडाच्या संततीत प्रत्येक झाडाची गुणसूत्रसंख्या वेगळी असते. काही गुणसूत्रे गमावलेली झाडे अशक्त आणि म्हणून आखूड राहतात. काही वेळा एका पालकाकडून एनई१ आणि दुसऱ्याकडून एनई२ ही जनुके एकत्र येऊन संकरित ऊतिमृत्यू होतो, म्हणजे झाडाच्या ऊती आपोआप मरू लागतात. पाने खालून वर वाळत जातात आणि झाड खुंटते. ज्याची उंची कमी ते झाड राखून ठेवायचे, असा सरसकट नियम लावला तर अशीच झाडे पुढे नेली जातात.

खऱ्या बुटक्या झाडाचे लक्षण खोडाच्या पेरांत असते. पेरे आखूड झालेली असतात, परंतु ओंबी जवळजवळ पूर्ण लांबीची असते आणि तीत दाणे भरलेले असतात. ओंबीही बारीक, विरळ आणि वांझ असेल तर कारण दुसरे आहे असे समजावे. खुंटलेल्या झाडाच्या पानांवर ऊतिमृत्यूची खूण दिसली, तर तो संकर सोडून त्याच दात्याचा निराळ्या वाणाशी संकर करणे हिताचे ठरते.

रोपावस्थेतही एक सोपी चाचणी करता येते. रोपांना जिबरेलिक आम्ल (वाढ घडवणाऱ्या जिबरेलिन संप्रेरकांपैकी एक) दिले असता उंच जातीची पाने भराभर लांबतात, तर आरएचटी-बी१बी किंवा आरएचटी-डी१बी असलेली रोपे फारशी हलत नाहीत, कारण या जनुकांतून तयार होणारे बदललेले प्रथिन जिबरेलिनचा संदेश पुढे जाऊ देत नाही. मात्र आरएचटी८ (बुटकेपणाचे आणखी एक जनुक) आणि आरएचटी१८ यांच्या रोपांवर आम्लाचा परिणाम होतो, त्यामुळे ती या चाचणीत उंच जातींसारखीच वागतात आणि त्यांची नाहक छाटणी होते. तेथे डीएनए मार्करवर, म्हणजे जनुकाची उपस्थिती दाखवणाऱ्या डीएनएतील खुणेवर, विसंबावे.

कृत्रिम गव्हाला लगेच उत्पादनात तोलणे

बन्सी आणि एजिलॉप्स टॉश्ची यांच्या २१ गुणसूत्रांच्या संकराला कोल्चिसिन हे रसायन देऊन गुणसूत्रे दुप्पट केली की ४२ गुणसूत्रांचा कृत्रिम गहू मिळतो. तो बहुधा उंच आणि उशिरा येणारा असतो, आणि त्याची तुसे इतकी चिवट असतात की मळणी जड जाते. त्याला पहिल्याच चाचणीत नापास करणे म्हणजे अर्धवट काम मोजणे होय. चांगल्या बुटक्या सरबती वाणाशी त्याचा एक-दोनदा पश्चसंकर करून मगच मोजमाप करावे.

राय या तृणधान्यासारख्या दूरच्या प्रजातीतून गुण आणताना नको असलेला भागही सोबत येतो. रायच्या १आरएस या गुणसूत्र-तुकड्याने अनेक वाणांना तांबेऱ्यापासून संरक्षण आणि चांगले उत्पादन दिले, पण त्याबरोबर पिठाला चिकटपणाही आला. तो तुकडा लहान करायचा असेल तर गव्हाचे पीएच१ जनुक आड येते, कारण ते परक्या गुणसूत्रांना जोडी जमवू देत नाही. म्हणून पीएच१बी हा उत्परिवर्ती प्रकार वापरावा लागतो. एजिलॉप्स टॉश्चीच्या बाबतीत मात्र हा खटाटोप अनावश्यक आहे, कारण तिचा डी संच गव्हाच्या डी संचाशी सहज जुळतो.

जितके बुटके तितके चांगले, असे मानणे

खोडाकडे जाणारे अन्न वाचून ओंबीतली अधिक फुले तग धरतात आणि खत दिल्यावरही पीक लोळत नाही, म्हणून मध्यम बुटक्या वाणांचे उत्पादन वाढले. दोन जनुके एकत्र केल्यावर उंची आणखी घटते, परंतु एकूण जैवभार कमी होऊ लागतो आणि फायदा आटतो. शिवाय जिबरेलिनला न जुमानणाऱ्या या जनुकांमुळे कोंबाचे आवरणही आखूड राहते, त्यामुळे खोल पेरलेले बी वर येत नाही. नव्या वंशाची उगवण कमी आली तर बियाण्याला दोष देण्याआधी तेच बी उथळ पेरून पाहावे.

उत्पादन चाचणीत एका ओळीचे वाफे टाळावेत. शेजारची उंच ओळ बुटक्या ओळीवर सावली धरते आणि चांगला वंशही मागे पडलेला दिसतो. अनेक ओळींचा वाफा करून कडेच्या ओळी सोडाव्यात आणि मधल्याच मोजाव्यात.